स्फटिक वाजवून पाहण्याची विद्या

मडकें वाजवून घ्यावें, असें आपल्याकडे म्हणतात. पनवेलच्या बाजारांत उन्हाळ्याच्या तोंडीं माठ घ्यावयास गेलेली गृहिणी माठाला बोटाच्या पेरानें दोन टिचक्या मारते आणि कानानेंच निवाडा करते. त्या टिचकींत तिनें दोन निरनिराळ्या गोष्टी पारखलेल्या असतात. पहिली गोष्ट स्वराची. माठाची भिंत जितकी ताठ, तितका तिचा कंप जलद, आणि कंप जितका जलद तितका स्वर उंच. दुसरी गोष्ट तो आवाज किती वेळ टिकतो, ही. चांगल्या भाजलेल्या माठाचा नाद क्षणभर घुमतो. तडा गेलेल्या माठाचा आवाज बद्द येतो, म्हणजे निघतां निघतांच मरतो. टिचकीनें दिलेली ऊर्जा तड्याच्या दोन कडा एकमेकींवर घासण्यांत खर्ची पडते. पहिल्या गुणाला आपण ताठपणा म्हणूं. दुसऱ्याला, म्हणजे कंप विरून जाण्याच्या गुणाला, शास्त्राच्या परिभाषेंत अवमंदन असें नांव आहे.

श्रोतेहो, आज मला हकीकत सांगावयाची आहे ती याच दोन गुणांच्या मापनाची. मात्र माठांच्या नव्हे, एका चमत्कारिक जातीच्या स्फटिकांच्या. यांना 'फेरोइलेक्ट्रिक' म्हणतात, आणि त्याचें मराठी 'लोहविद्युत्' असें करितात. शब्द थोडा फसवा आहे, कारण या पदार्थांत लोखंड असावेंच लागतें असें नाहीं. लोखंड जसें एकदां दिलेलें चुंबकत्व धरून ठेवतें आणि उलट बाजूचा जोर पुरेसा झाला म्हणजे आपली दिशा फिरवितें, तसे हे पदार्थ विजेची ध्रुवता धरून ठेवतात आणि जोर लावल्यास ती फिरवितात. नांव पडलें तें एवढ्या साम्यावरून. असा पदार्थ पाहण्यासाठीं प्रयोगशाळेंत जावें लागत नाहीं. गॅसची शेगडी पेटविण्यासाठीं खटका दाबला कीं 'टक्' करून ठिणगी टाकणारी जी नळी आपल्या स्वयंपाकघरांत टांगलेली असते, तिच्या पोटांत याच जातीच्या पदार्थाचा एक बोटभरहि नसलेला दांडा असतो. त्यावर हातोडीसारखा आघात बसतो, दांड्याच्या दोन टोकांत हजारो व्होल्टांचा फरक उत्पन्न होतो, आणि ठिणगी उडते. दाबानें वीज उत्पन्न होण्याच्या या गुणाला दाबविद्युत् म्हणतात.

आतां एक साधा प्रश्न विचारूं. या दांड्याचा ताठपणा किती? पोलादाविषयीं हा प्रश्न विचारला तर अभियंता कोष्टक उघडून एक आंकडा सांगतो आणि काम भागतें. लोहविद्युत् पदार्थाविषयीं असा एकच आंकडा सांगतां येत नाहीं. हें ध्यानांत येण्यास शास्त्रज्ञांना बराच काळ लागला, आणि तें ज्या पदार्थानें शिकविलें तो एके काळीं जुलाबाचें औषध म्हणून विकला जात होता.

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर ला रोशेल नांवाचें बंदर आहे. सतराव्या शतकांत तेथें सेन्येत नांवाचा औषधें बनविणारा होता. द्राक्षांचें मद्य मुरत असतां पिंपाच्या आंतल्या अंगास जो खार बसतो, त्याच्यावर सोड्याची क्रिया करून त्यानें एक मीठ तयार केलें. त्यांतील आम्ल तेंच, जें आपल्या चिंचेला आंबटपणा देतें. म्हणूनच मराठींत त्याला चिंचाम्ल म्हणतात. हें रोशेल मीठ सौम्य रेचक म्हणून युरोपभर खपलें. जुन्या घरांतील औषधांच्या पेटींत निळ्या आणि पांढऱ्या कागदांच्या पुड्यांची सिडलिट्झ पावडर असे, तिच्या निळ्या पुडींत हेंच मीठ असावयाचें. पाण्यांत विरघळवून तें सावकाश थंड होऊं दिलें, तर त्याचे पारदर्शक, रेखीव पैलूंचे मोठाले स्फटिक बनतात. घरच्या वाटींतहि बनतात. सुंदर वस्तु सहज मिळाली म्हणजे शास्त्रज्ञ तिच्याकडे वळतोच. १८२४ सालीं डेव्हिड ब्रूस्टर यानें हे स्फटिक तापविल्यास त्यांवर विद्युत्‌भार दिसतो असें नोंदलें, आणि १८८० सालीं पॅरिसमध्यें जाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनीं क्वार्ट्झ, टूर्मलिन वगैरे स्फटिक दाबून वीज काढली, तेव्हां त्या मालिकेंत रोशेल मीठहि होतें. विजेच्या दाबानें स्फटिक आखडतो किंवा लांबतो, हा उलटा परिणामहि त्यांनीं पुढच्याच वर्षीं पडताळून पाहिला.

त्यानंतर पस्तीसेक वर्षें हा विषय ग्रंथांत पडून राहिला. त्याला बाहेर काढलें पहिल्या महायुद्धानें. पाणबुड्या जहाजें बुडवीत होत्या, आणि पाण्याखालीं पाहावयाचें तर प्रकाश कामाचा नव्हता. पॉल लांजव्हँ यानें १९१७ सालीं क्वार्ट्झच्या चकत्या पोलादाच्या दोन पत्र्यांमध्यें बसवून त्यांना विजेनें कंप दिला, आणि कानाला ऐकूं न येणारा ध्वनि पाण्यांत सोडून त्याचा प्रतिध्वनि पकडला. अमेरिकेंत अलेक्झांडर निकल्सन हा त्याच सुमारास रोशेल मिठाच्या स्फटिकांपासून मायक्रोफोन, कर्णे आणि ग्रामोफोनच्या सुईजवळचीं ध्वनिग्राहकें बनवूं लागला. क्वार्ट्झहून रोशेल मीठ कितीतरी पटींनीं अधिक बोलकें होतें. तेवढेंच तें लहरीहि होतें.

हा लहरीपणा काय आहे, याचा छडा लावला जोसेफ व्हॅलासेक या मिनेसोटा विद्यापीठांतील तरुण विद्यार्थ्यानें. स्वान या आपल्या गुरूच्या सूचनेवरून त्यानें या मिठाचे गुणधर्म मोजावयास घेतले. स्फटिकावर विजेचा दाब वाढवीत नेला, मग कमी केला, मग उलटा दिला. विद्युत्‌भार दाबाबरोबर चालेना. तो मागें रेंगाळे, आणि दाब शून्यावर आणला तरी कांहीं भार शिल्लक राही. लोखंडाच्या चुंबकत्वाचा जो आलेख प्रत्येक विद्यार्थी काढतो, तशीच तंतोतंत वळी येथें विजेची उमटली. एप्रिल १९२० मध्यें वॉशिंग्टन येथील सभेंत त्यानें हें सांगितलें. लोहविद्युत् पदार्थांच्या शास्त्राचा जन्म त्या दिवसापासून धरितात. मुंबईंत ज्या वर्षीं रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स सुरू झाली, तेंच हें वर्ष. त्या संस्थेकडे आपल्याला पुढें परत यावयाचें आहे.

रोशेल मिठाचा हा गुण सर्व तपमानांत नसतो. उणे १८ अंश सेंटिग्रेड आणि अधिक २४ अंश या दोन मर्यादांच्या मध्येंच तो प्रकट होतो. लोखंड तापविलें असतां ज्या अंशावर त्याचें चुंबकत्व नाहींसें होतें, त्याला पिएर क्यूरीचें नांव आहे. त्याच धर्तीवर या मर्यादांनाहि क्यूरी-बिंदु म्हणूं लागले. आतां २४ अंश म्हणजे काय, हें पनवेलकरांना सांगावयास नको. युरोपांतील प्रयोगशाळेंत हा आंकडा उन्हाळ्यांतील दिवसाचा. तेथें स्फटिक बहुधा या मर्यादेच्या खालींच असतो. आपल्याकडे वर्षांतील बहुतेक दिवस पारा त्याच्या वर. वैशाखांत रात्रींहि तो सहसा खालीं येत नाहीं. मार्गशीर्ष-पौषांत मात्र पहांटे तो २४ च्या बराच खालीं उतरतो आणि दुपारीं पुन्हां वर चढतो. म्हणजे रोशेल मिठाचा एखादा स्फटिक पनवेलच्या घरांत फळीवर नुसता ठेवून दिला, तर हिवाळ्यांत तो रोज सकाळीं एक पदार्थ असेल आणि दुपारीं दुसरा. शास्त्रज्ञांना शीतपेट्या आणि शेगड्या मांडून जें घडवून आणावें लागे, तें येथें हवाच करून देते.

या सीमेवर स्फटिकाच्या ताठपणाचें काय होतें? मोजावयाचें कसें, तें आधीं पाहूं. स्फटिक लाखो वेळां कांपतो. त्याचा स्वर कानाला ऐकूं येणारा नव्हे. पण विजेचा स्फटिक असल्यामुळें टिचकीहि विजेनेंच मारतां येते. स्फटिकाची एक पट्टी विशिष्ट कोनांत कापून काढावयाची, तिच्या दोन अंगांवर धातूचा पातळ वर्ख लावावयाचा, आणि त्या वर्खांना उलटसुलट वाहणारी वीज द्यावयाची. विजेची कंपसंख्या हळूहळू वाढवीत नेली म्हणजे एका ठराविक ठिकाणीं पट्टीच्या स्वतःच्या कंपाशीं तिचा मेळ बसतो. पट्टी जोरानें कांपूं लागते आणि तारेंतील प्रवाह एकदम उसळतो. झोपाळ्याला त्याच्या लयींत ढकलावें तसा हा प्रकार. याला अनुनाद म्हणतात. पट्टीची लांबी आणि घनता ठाऊक असली कीं या एका कंपसंख्येवरून ताठपणा गणितानें निघतो. शिवाय तें उसळण्याचें शिखर किती रुंद आहे, यावरून अवमंदनहि कळतें. ज्याचा नाद फार वेळ टिकतो तो आपल्या स्वराविषयीं फार काटेकोर असतो. स्वर केसभर चुकला तरी साथ देत नाहीं. ज्याचा नाद लवकर मरतो तो ढिला, आसपासच्या कोणत्याहि स्वराला थोडी थोडी मान डोलावितो. म्हणून शिखराची कंपसंख्या भागिलें त्याची रुंदी, हा नाद टिकण्याच्या गुणाचा आंकडा धरितात. त्याला येथें आपण नादांक म्हणूं. अमेरिकेंतील वॉल्टर केडी यानें क्वार्ट्झच्या अनुनादाचा सखोल अभ्यास केला, आणि व्हॅन डाइक यानें असें दाखविलें कीं कांपणारा स्फटिक हा विजेच्या दृष्टीनें एक वेटोळें, एक कंडेन्सर आणि एक रोध यांच्या जोडणीसारखा वागतो. वेटोळें म्हणजे त्याचें वजन, कंडेन्सर म्हणजे त्याचा लवचिकपणा, आणि रोध म्हणजे त्याचें अवमंदन. यंत्रशास्त्राचा प्रश्न अशा रीतीनें रेडिओ बनविणाऱ्यांच्या भाषेंत उतरला, आणि तारांची भाषा जाणणाऱ्या मनुष्यांनीं तो हातोहात उचलला.

अशांपैकीं बेल प्रयोगशाळेंतील वॉरन मेसन हा मोठा पटाईत. १९३९ सालीं त्यानें रोशेल मिठाचें जें मापन प्रसिद्ध केलें, त्यांत आपल्या प्रश्नाचें उत्तर होतें. पट्टीची दोन्हीं अंगें वर्खानें पूर्ण झांकलेलीं असतील, तर २४ अंशांजवळ येतांना तिची कंपसंख्या कोसळूं लागते. जणूं स्फटिक मऊ पडत चालला आहे. परंतु वर्ख काढून टाकला आणि पट्टी बाहेरून कांपविली, तर तीच पट्टी, त्याच तपमानांत, तितकी मऊ पडत नाहीं. तिची कंपसंख्या जवळजवळ जागच्या जागीं राहते.

या ठिकाणीं जरा थांबलें पाहिजे. पातळ वर्खानें पट्टीला मऊ केलें, हें म्हणणें वेडगळ वाटेल. सायकलचा पंप आठवा. नळीचें तोंड मोकळें ठेवून दांडा ढकलला तर तो सहज जातो. तोंडावर अंगठा दाबून धरला तर आंतली हवा उलट रेटते आणि तोच पंप ताठ होतो. लोहविद्युत् स्फटिक दाबला म्हणजे त्याच्या अंगांवर विद्युत्‌भार उमटतो. तारा तुटक असतील तर हा भार जागच्या जागीं कोंडतो आणि दाबणाऱ्यालाच उलट रेटतो. स्फटिक ताठ भासतो. वर्ख आणि तारा जोडून भाराला वाट करून दिली, कीं तो निघून जातो, आणि स्फटिक वांकतो. क्यूरी-बिंदूजवळ हा भार इतका सहज उत्पन्न होतो कीं वाट मोकळी असल्यास ताठपणा जवळजवळ नाहींसा होतो. हान्स म्यूलर यानें बॉस्टनजवळच्या आपल्या संस्थेंत याच काळांत या सर्वांची उपपत्ति बसविली. तेव्हांपासून ताठपणाचा आंकडा देतांना तारा जोडलेल्या होत्या कीं तुटक, हें सांगणें भाग झालें. १९४९ सालीं अमेरिकेंतील रेडिओ-अभियंत्यांच्या संस्थेनें मापनाचे नियम छापले, आणि कोष्टकांत प्रत्येक अंकाच्या डोक्यावर 'ई' किंवा 'डी' या अर्थाचें अक्षर लिहिण्याची पद्धत रूढ झाली. हें चिमुकलें अक्षर न लिहितां ताठपणाचे आंकडे देणारीं पत्रकें आजहि पाहावयास मिळतात. माझ्या मतें त्यांचा उपयोग किती शेर हें न सांगतां नुसता भाव सांगणाऱ्या दुकानदाराइतकाच.

पंपाचा दृष्टांत आणखी एक पाऊल नेतां येतो. तोंड पूर्ण मोकळें असलें तर दांडा ढकलण्यांत श्रम थोडे. पूर्ण बंद असलें तर दाबलेली हवा स्प्रिंगसारखी श्रम परत देते. पण तोंडावर सुईएवढें भोंक ठेवलें, तर हवा फुसफुसत जाते आणि सर्व श्रम वायां जातात. तसेंच स्फटिकाच्या दोन तारांमध्यें योग्य मापाचा रोध घातला, तर कंपाची ऊर्जा त्या रोधांत उष्णता होऊन जळते, आणि स्फटिकाचा नाद बाहेरून हात न लावतां मारतां येतो. कांपणाऱ्या यंत्रभागांवर असे तुकडे चिकटवून त्यांचा कंप शमविण्याची युक्ति १९७० नंतरच्या काळांत अभियंत्यांनीं मुद्दाम विकसित केली. अर्थात् अवमंदनाचा आंकडा देतांनाहि तारांची स्थिति सांगावी लागते.

तारा कशाहि असोत, कांहीं ऊर्जा पदार्थाच्या पोटांतच जाते. लोहविद्युत् स्फटिक आंतून एकसंध नसतो. त्याच्या पोटांत लहान लहान मोहल्ले असतात. एका मोहल्ल्यांतील ध्रुवता एका दिशेला, शेजारच्यांतील दुसऱ्या. दाब दिला म्हणजे या मोहल्ल्यांच्या भिंती सरकतात, आणि सरकतांना रेंगाळतात. माठाच्या तड्यांत होणाऱ्या घर्षणाचेंच हें सूक्ष्म रूप. टिचकी जरा जोरानें मारली तर भिंती अधिक सरकतात आणि अवमंदन वाढतें. म्हणून मोजणारानें हात हलका ठेवावा लागतो. जोरानें वाजविलेला स्फटिक आपलें खरें माप सांगत नाहीं.

रोशेल मिठाचें पुढें काय झालें, तें कोंकणच्या रहिवाशांनीं न सांगतां ओळखावें. त्याच्या प्रत्येक कणाबरोबर पाण्याचे चार रेणु बांधलेले असतात. हवा फार कोरडी झाली तर तें पाणी उडून स्फटिकाची पूड होते. हवा फार दमट झाली तर तें आणखी पाणी ओढून विरघळतें. आणि ५५ अंशांच्या आसपास तापविलें तर आपल्याच पाण्यांत वितळतें. आषाढांत जेथें उशीचा अभ्रा सुकत नाहीं आणि डब्यांतील मीठ ओघळतें, तेथें ग्रामोफोनच्या ध्वनिग्राहकांतील या नाजुक स्फटिकाची काय दशा होत असेल! मेणाचे लेप देऊन तो कांहीं काळ टिकवीत, पण लेपाला बारीक भेग पडली कीं गाणें घोगरें व्हावयाचें. दुसऱ्या महायुद्धांत समुद्रावर वापरावयाच्या यंत्रांसाठीं अमोनियम फॉस्फेटच्या जातीचा, पाणी न बांधणारा स्फटिक पुढें आला. त्याच युद्धकाळांत अमेरिका, रशिया आणि जपान या तिन्हीं देशांत, एकमेकांना नकळत, बेरियम टायटनेट हा पदार्थ सांपडला. त्याचा क्यूरी-बिंदु १२० अंश. पाण्यानें त्याला कांहीं होत नाहीं. शिवाय त्याचे मोठे स्फटिक वाढवावे लागत नाहींत. पूड दाबून, भट्टींत भाजून, कपबशीसारखा त्याचा कोणताहि आकार करतां येतो, आणि नंतर विजेचा मोठा दाब देऊन त्यांतील मोहल्ल्यांना एका दिशेस वळवितां येतें. मिठाची विद्या अशा रीतीनें कुंभाराच्या हातीं आली. १९५२ सालीं जपानांत शिराने आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं शिसें, झिर्कोनियम आणि टिटॅनियम यांच्या संयुगांचा अभ्यास केला. १९५४ सालीं अमेरिकेंत जाफे आणि त्याच्या सोबत्यांनीं, या संयुगाच्या एका विशिष्ट प्रमाणांत दाबविद्युत् गुण विलक्षण वाढतो, हें दाखविलें. आपल्या लायटरमध्यें असते ती हीच भाजलेली माती. तिला आद्याक्षरांवरून पीझेडटी म्हणतात.

आतां आंकडे पाहा. या मातीच्या एका नेहमींच्या प्रकाराचा लांबीच्या दिशेनें ध्रुवता दिलेला दांडा घेतला आणि त्याच्या टोकांच्या तारा एकमेकींना जोडल्या, तर त्याचा ताठपणा पोलादाच्या सुमारें पाव भरतो. तारा सोडविल्या कीं तोच पोलादाच्या निम्म्याहून थोडा वर जातो. दुप्पट फरक, आणि तो एका तारेच्या गांठीनें! त्याच मातीची दहा मिलिमीटर लांबीची पातळ पट्टी रुंद अंगांना वर्ख लावून कांपविली, तर सेकंदाला सुमारें १,४०,००० कंपांवर तिचा अनुनाद मिळतो. या प्रकाराचा नादांक ७५ च्या आसपास असल्यामुळें शिखराची रुंदी १,९०० कंपांच्या जवळपास येते. मिश्रणांत दुसऱ्या धातूंचा चिमूटभर अंश घालून मोहल्ल्यांच्या भिंती जखडून टाकल्या, तर नादांक १,००० पर्यंत चढवितां येतो. निवडक क्वार्ट्झचा नादांक लाखांत असतो, तो भाग निराळा.

ह्यांतील कोणता चांगला, असें विचारूं नये. दंतवैद्य दातांवरील किटण ज्या कांपणाऱ्या टोंकानें काढतो, त्याला मोठ्या नादांकाची कडक माती लागते. नाहीं तर यंत्रच तापून जाईल. उलट, रुग्णालयांत पोटावर फिरविला जातो तो सोनोग्राफीचा ठोकळा पाहा. त्यानें एक ध्वनि सोडून लगेच गप्प बसावयाचें आणि येणारा प्रतिध्वनि ऐकावयाचा. त्याचा स्वतःचा नाद रेंगाळला तर गर्भाचें चित्र पुसट होईल. म्हणून तेथें लवकर विरणारी माती घेतात आणि तिच्या पाठीशीं आणखी एक नाद शोषणारा थर चिकटवितात. बद्द आवाजाचा माठ आपण टाकून देतों; सोनोग्राफीवाला तो मुद्दाम करून घेतो.

इतक्या वेळ आपण टिचकी बाहेरून मारीत होतों. स्फटिकाच्या आंत, अणूंच्या जाळ्यांत, काय मऊ पडतें, हें पाहण्याचा मार्ग भारतांत उघडला. १९४० सालीं बंगळूरहून चंद्रशेखर व्यंकट रामन आणि टी. एम. के. नेडुंगाडी यांनीं 'नेचर' या पत्रांत क्वार्ट्झवरील एक छोटें टिपण छापलें. क्वार्ट्झ लोहविद्युत् नव्हे. पण ५७३ अंशांवर त्याच्या अणूंची मांडणी बदलते. रामन यांच्या पद्धतींत स्फटिकावर प्रकाश टाकतात, आणि विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटांत अणूंच्या प्रत्येक कंपाची एक रेघ उमटते. रेघेचें स्थान म्हणजे कंपसंख्या, अर्थात् त्या कंपापुरता ताठपणा. रेघेची रुंदी म्हणजे अवमंदन. टिचकीचीच परीक्षा, पण अणूंवर! या दोघांनीं क्वार्ट्झ तापवीत नेला, तेव्हां इतर रेघा फारशा हलल्या नाहींत. एक रेघ मात्र आपली जागा सोडून कमी कंपसंख्येकडे सरकत, पसरत आणि फिकी होत चालली. अणूंचा एक विशिष्ट झोका ढिला पडत होता, आणि मांडणी बदलणार होती ती त्याच झोक्याच्या दिशेनें, असा त्यांनीं तर्क केला. पुढें १९६० च्या सुमारास विल्यम कॉक्रन आणि फिलिप अँडरसन यांनीं स्वतंत्रपणें, लोहविद्युत् पदार्थांत क्यूरी-बिंदूजवळ नेमका असाच एक मऊ कंप असला पाहिजे, ही उपपत्ति मांडली. तिचें बीज बंगळूरच्या त्या टिपणांत दिसतें.

या उपपत्तीची एक कसोटी आपल्या मराठी माणसानें लावली. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें अध्यापन केलेले आणि पुढें पुणें विद्यापीठाचे कुलगुरू झालेले प्राध्यापक वि. गो. भिडे यांनीं लोहविद्युत् पदार्थांवर बरीच वर्षें काम केलें. १९६५ सालीं त्यांनीं आणि एम. एस. मुलतानी यांनीं 'फिजिकल रिव्ह्यू' मध्यें जें काम प्रसिद्ध केलें, त्यांत बेरियम टायटनेटच्या जाळ्यांत लोखंडाचे तुरळक अणु पाहारेकऱ्यांसारखे बसविले होते. सात वर्षांपूर्वींच जर्मनींत रुडोल्फ मॉसबौअर यानें असें दाखविलें होतें कीं जाळ्यांत घट्ट बसलेला अणुगर्भ गॅमा किरण सोडतांना मागें धक्का खात नाहीं, आणि असे धक्क्याविना सुटणारे किरण वेगळे मोजतां येतात. अणु जागेवर जितका जास्त डुलेल, तितके असे किरण कमी. भिडे-मुलतानी यांनीं तपमान वाढवीत नेलें, आणि क्यूरी-बिंदूजवळ हे किरण नेहमींच्या प्रमाणाबाहेर घटलेले त्यांना दिसले. लोखंडाचे पाहारेकरी अधिक डुलत होते, कारण ज्या जाळ्याला ते धरून होते तें मऊ पडलें होतें. कॉक्रनच्या मऊ कंपाशीं हें जुळत होतें. लोहविद्युत् या नांवांतील लोखंडाला, अर्ध्या शतकानंतर का होईना, असें थोडें काम मिळालें. १९७२ सालीं भिडे आणि एम. एस. हेगडे यांनीं याच रीतीनें लेड टायटनेटचीहि परीक्षा घेतली.

आतां ज्यांच्या घरीं एखादा जिज्ञासु विद्यार्थी आहे, त्यांच्यासाठीं दोन शब्द. रोशेल मिठाचा स्फटिक वाढविण्याचा उद्योग पनवेलींत करावयाचा तर दिवाळी उलटल्यावर हातीं घ्यावा. कोमट पाण्यांत मुरेल तेवढें मीठ विरघळवून, गाळून, भांडें झांकून न हलणाऱ्या फळीवर ठेवावें. तळाशीं बसलेला पहिला चांगला दाणा दोऱ्याला बांधून नव्या द्रावणांत सोडावा, आणि घाई करूं नये. तयार झालेला स्फटिक मऊ फडक्यानें पुसून घट्ट झांकणाच्या बरणींत ठेवावा. कॉलेजच्या प्रयोगशाळेंत कंपजनक आणि दोलनदर्शक यंत्र मिळत असेल, तर त्याची पट्टी कापून, वर्ख लावून, पौषांतील एखाद्या दिवशीं पहांटे पांचला, सकाळीं नऊला आणि दुपारीं दोनला तिचा अनुनाद टिपावा, आणि जवळ उष्णतामापक ठेवावा. तिन्हीं वेळचे आंकडे निराळे येतील. नऊच्या सुमारास पारा २४ अंशांशीं पोंचत असतां शिखर घसरून इतकें रुंद होईल कीं तें शोधावयासहि कष्ट पडतील. त्या वेळीं यंत्र बिघडलें असें समजून तें बंद करूं नये.